तंबू, गळ आणि धरणाचं पाणी: वाचकांचे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंगच बदलतो. पावसाळाभर धबधबे आणि गड, आणि थंडी पडायला लागली की सगळ्या पुण्याला एकदम तळ्याकाठचा तंबू आठवतो. यावेळी तर इतकी पत्रं आली की सगळा कॉलम त्यालाच दिलाय.

उत्तरांच्या आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे दर उत्तरात परत नको. पवना, पानशेत, वरसगाव, मुळशी, भाटघर, ज्यांना आपण कौतुकाने लेक लेक म्हणतो ती सगळी धरणं आहेत. पाण्याखाली कोणाची तरी शेतं आहेत, बांध आहेत, विहिरी आहेत, तोडलेल्या झाडांचे खुंट आहेत. पवनेत उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं जुनं देऊळ अख्खं वर येतं, पावसाळ्यात परत बुडतं. म्हणजे काठ एका जागी राहतच नाही. तंबू कुठे लावायचा, कुठे पोहायचं, गळ कुठे टाकायचा, सगळं या एका गोष्टीवर येऊन थांबतं.

प्रश्न: आम्ही चौघं, मुलगी अकरा वर्षांची आणि मुलगा सात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पवनेला जायचं ठरतंय. जाहिरातीत तंबू अगदी पाण्याला टेकलेले दाखवलेत आणि मुलांना तसलाच हवाय. घ्यावा का? थंडी किती असते? एक आई, कोथरूड

ताई, पाण्याला टेकलेला तंबू फोटोत छान दिसतो, झोपायला वाईट. एक तर पाण्याजवळ दव जास्त, पहाटे तंबूचं कापड आतून बाहेरून ओलं होतं आणि थेंब तोंडावर टपकतात. दुसरं म्हणजे तुमचा सात वर्षांचा मुलगा रात्री शू करायला उठणार, चेन उघडून झोपेत चार पावलं चालणार आणि ती चार पावलं कुठल्या दिशेला याची खात्री कोण देणार? म्हणून तंबू पाण्यापासून चांगला पन्नास-साठ पावलं वर, आणि तंबूचं दार पाण्याच्या उलट्या बाजूला. मुलांना सांगा की सूर्योदय बघायला आपण चालत खाली जाऊ.

जागा बघताना काठावर नीट नजर टाका. वाळक्या काड्या, फेसाची पुटं, थर्माकोलचे तुकडे यांच्या ओळीच्या ओळी दिसतात, पायऱ्यांसारख्या एकाखाली एक. त्या पाण्याच्या जुन्या रेघा. डिसेंबरात पाणी हळूहळू उतरतच असतं, त्यामुळे रात्रीतून वर येण्याची भीती त्या महिन्यात फारशी नाही, पण उतरलेल्या पाण्याने मागे सोडलेला गाळ मात्र असतो. वरून वाळून भेगा पडलेला, अगदी टणक वाटणारा, आणि पाय ठेवला की खाली लोण्यासारखा. मुलं पळत पळत थेट पाण्याकडे जातात ती तिथेच अडकतात, सँडल आत राहते आणि मूल बाहेर येतं, किंवा येत नाही. म्हणून पाण्यात उतरायची वाट आधी मोठ्यांनी काठी टेकत चालून बघायची. मुरूम किंवा खडी लागली तर ठीक, काठी आत जायला लागली तर तिथून नाही.

थंडीचं म्हणाल तर मावळात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास येऊ शकतो आणि पाण्याकाठी वारा असला की अजून गार वाटतं. अंगावर चार पांघरुणं घेऊन उपयोग नाही, थंडी खालून येते. जमिनीवर ताडपत्री, मग मॅट, मग स्लीपिंग बॅग. मॅट नसेल तर घरातली जुनी सतरंजी दुमडून घाला. कानटोपी न्या, मुलं नको म्हणतील तरी न्या.

आणि ताई हे तेवढं अधोरेखित करून ठेवा. थंडी वाजते म्हणून निखाऱ्याची शेगडी किंवा बार्बेक्यू तंबूच्या आत आणायचा नाही, विझत आलेला सुद्धा नाही, पाच मिनिटं सुद्धा नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही रंग नाही, माणूस झोपेत जातो आणि शेजारच्याला कळत नाही. कॅम्पवाला स्वतः उचलून आणून देत असेल तरी नाही म्हणा.

बुकिंग करताना विचारायचं ते एवढंच: टॉयलेट तंबूपासून किती लांब आहे आणि त्या वाटेवर दिवा आहे का, मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का, आणि रात्री काठावर कोणी माणूस असतो का. जेवणात काय आहे ते विचारूच नका, सगळीकडे तेच असतं.

प्रश्न: काका, मी टँकमध्ये रोज पोहतो, २५ मीटरच्या चाळीस लेंथ न थांबता सहज होतात. मित्रांबरोबर पानशेतला चाललोय, समोरचा काठ फार तर पाचशे मीटर दिसतो. क्रॉस करून परत यायला हरकत नाही ना? एक कॉलेजकुमार, सहकारनगर

हरकत आहे. आता का ते ऐक, नाहीतर म्हणशील काका घाबरट आहेत.

चाळीस लेंथ म्हणजे हजार मीटर, छानच आहे की. पण त्या हजार मीटरमध्ये तू एकोणचाळीस वेळा भिंतीला पाय लावून ढकलून निघतोस, दर वेळी दोन-चार मीटर फुकटचे मिळतात आणि सेकंदभर विसावा मिळतो. धरणात भिंत नाही. खाली निळी रेघ नाही, त्यामुळे सरळ जातोयस असं वाटतं आणि जातोस भलतीकडे. दर आठ-दहा हातांनी मान वर काढून समोर बघावं लागतं, त्याने कंबर खाली जाते आणि दम दुप्पट लागतो. समोरचा काठ पाण्याच्या पातळीवरून नेहमी जवळ वाटतो, मधे काही खूणच नसते ना मोजायला. तू पाचशे म्हणतोस ते आठशे निघालं तर अर्ध्यात आल्यावर कळणार.

मग वारा. सकाळी पाणी आरशासारखं असतं, बारानंतर पश्चिमेचा वारा सुटला की बारीक बारीक लाटा उठतात, श्वास घ्यायला तोंड वळवलं की नेमकं पाणी आत. जाताना वाऱ्याबरोबर गेलास तर भारी वाटेल, येताना तोच वारा तोंडावर. उन्हाळ्यात अजून एक गंमत असते, वरचं पाणी कोमट आणि पुरुषभर खाली गेलं की एकदम गार, सूर मारणाऱ्याचा श्वास तिथे अडकतो. पायात गोळा सुद्धा येऊ शकतो. गोळा आला तर घाबरून हातपाय मारायचे नाहीत, पाठीवर उताणं व्हायचं, पाय लांब करून पायाची बोटं स्वतःकडे ओढायची आणि ओरडून बोलवायचं. सूर तर मारूच नकोस, कुठेच. खाली बांध आहे का बाभळीचा खुंट आहे हे वरून दिसत नाही, आणि गेल्या वर्षी खोल होतं ते या वर्षी कंबरभर असू शकतं, मान मोडायला तेवढं पुरतं.

अजून एक. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, आणि ते पुण्याच्या नळाला येतं. बऱ्याच ठिकाणी पाण्यात उतरायला मनाईची पाटी आहे. पाटी असेल तिथे माझं उत्तर पाटी देईल.

जिथे परवानगी आहे आणि पोहायचंच आहे तर काठाला समांतर पोह, कमरेएवढ्या पाण्यातच, म्हणजे दमलास तर उभं राहता येईल. कमरेला दोरीने बांधून मागे तरंगणारा भडक रंगाचा बॉय, म्हणजे हवेचा फुगा मिळतो, ओपन वॉटरवाले (तळ्यात-समुद्रात पोहणारे) वापरतात तो, घे एक. एक मित्र काठावर कोरडा बसलेला पाहिजे आणि त्याचं लक्ष तुझ्याकडे पाहिजे, मोबाइलकडे नाही. आणि बिअर पोहून झाल्यावर, आधी नाही. दोन पोहण्यांच्या मधे पण नाही.

आमच्या पिढीने पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलं, वरून काका ढकलून द्यायचे, त्याचं फार कौतुक सांगतात लोक. पण त्या विहिरीवर दहा पोहणारी माणसं उभी असायची आणि दोर सोडलेला असायचा, ते सांगायचं राहून जातं.

प्रश्न: मी निवृत्त आहे, नातू नऊ वर्षांचा आहे, त्याने व्हिडिओ बघून मासे पकडायचा हट्ट धरलाय. तळ्याकाठी मुक्काम करून गळ टाकायचा आहे. परवानगी लागते का? सामान काय आणू? दुकानदाराने मला साडेआठ हजारांचा रॉड दाखवला. एक आजोबा, धायरी

आजोबा, यावेळचं हे पत्र मला सगळ्यात आवडलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी परवानगी. आपल्याकडे धरणाचं पाणी जलसंपदा खात्याचं असलं तरी मासेमारीचा हक्क बहुतेक जलाशयांत मत्स्यव्यवसाय खातं ठेक्याने देतं, आणि तो सहसा तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. ते लोक पैसे भरून मत्स्यबीज सोडतात, जाळी टाकतात, त्यांचं पोट त्यावर आहे. तुम्ही नातवाबरोबर एक गळ टाकून बसलात तर सहसा कोणी काही म्हणत नाही, पण विचारावं. ज्या गावाच्या काठावर उतरणार तिथे होडी बांधणाऱ्या माणसाला सकाळी जाऊन विचारा, म्हणजे परवानगीही मिळते आणि मासा कुठे लागतोय तेही कळतं. मुळशी आणि लोणावळ्याची टाटांची धरणं वेगळी, ती कंपनीची आहेत, तिथे परवानगीशिवाय काठावर पण बसू नका. पवई तलावावर मुंबईकरांची अँगलिंग असोसिएशन आहे, मेंबर होऊन रीतसर बसतात, आपल्याकडे तशी सोय फारशी नाही म्हणून हा विचारायचा मार्ग.

साडेआठ हजारांचा रॉड दुकानातच राहू दे. नऊ वर्षांच्या मुलाला बांबूची काठी बेस्ट, त्याच्या उंचीच्या दीडपट, शेंड्याला लवचिक. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, बारीक घ्या, काठीएवढाच लांब, म्हणजे गुंता होत नाही. टोकाला लहान गळ, त्याच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा दाणा, आणि वर तरंगायला मोरपिसाचा देठ किंवा नुसता थर्माकोलचा तुकडा. सगळं मिळून दोन मिसळींच्या पैशात होतं. गळाला उलटा काटा असतो तो पक्कडीने दाबून सपाट करा. मासा थोडा जास्त सुटेल, पण नातवाच्या बोटात गळ घुसला तर सहज निघेल, आणि घुसणार आहे हे धरून चाला.

आमिषाला गांडूळ सगळ्यात चांगलं, पण घरात नको म्हणत असतील तर कणीक. कणकेत चिमूटभर हळद, किंचित हिंग आणि शेंगदाण्याची पेंड घालून घट्ट मळायची, आणि मळताना त्यात थोडा कापूस पिंजून घालायचा. कापसाने कणीक गळाला धरून राहते, नाहीतर पाण्यात पडली की सुटून जाते आणि तुम्ही अर्धा तास रिकामा गळ धरून बसता. गोळी हरभऱ्याएवढी, गळाचं टोक जेमतेम झाकलं जाईल इतकी.

आता मासा. कटला वरच्या थरात खातो, त्याचं तोंडच वर वळलेलं असतं, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. हे तिघं मोठे होतात, तुमच्या काठीला लागले तर काठी घेऊन जातील. नातवाला लागणार चिलापी. तो बाहेरून आलेला मासा, आता सगळ्या धरणांत झालाय, काठाजवळ उथळ पाण्यात थव्याने असतो आणि कशालाही तोंड लावतो. पोराला पहिल्या दिवशी मासा मिळाला पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी मोबाइल, त्यामुळे चिलापीला नावं ठेवू नका. शिंगटा लागला तर मात्र मुलाला हात लावू देऊ नका, कल्ल्याजवळचे आणि पाठीवरचे काटे घुसले की दिवसभर ठणकतं. फडक्याने धरून तुम्ही सोडवा.

वेळ सकाळी उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत, नाहीतर उन्हं कलल्यावर. देठ आडवा तरंगत असतो, मासा नुसता टोचत असतो तेव्हा तो थरथरतो, तेव्हा ओढायचं नाही. देठ उभा होऊन सरकत खाली जायला लागला की हलकेच मनगट वर. पोरं पहिल्या थरथरीलाच जोरात ओढतात आणि गळ मागच्या झाडाला. म्हणून मागे कोणी उभं राहायचं नाही, आजीसुद्धा नाही.

लहान मासा ओल्या हाताने धरून परत सोडा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला बुरशी लागते. महसीर लागला तर मोठा असो लहान असो, सोडायचाच. आपल्या भागातल्या महसीरची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्सने १८३९ मध्ये केली ती पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून, आणि आज त्याच नदीत शोधायला गेलात तर काय मिळेल ते पुणेकरांना सांगायला नको. लोणावळ्याजवळ वाळवणला टाटांच्या केंद्रात या माशाची पिल्लं तयार करून तलावांत सोडतात, म्हणून तो आपल्याला अजून दिसतोय.

पावसाच्या सुरुवातीला ओढ्यांतून वर चढणारे मासे पकडायची आपल्या गावाकडे मोठी हौस असते, पण ते अंड्यांनी भरलेले असतात हो, ते तेवढे नको. सुरुंग किंवा ब्लीचिंग टाकून मासे मारणारे कोणी दिसले तर तिथून उठून या आणि पोलिसांना कळवा, १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून तो गुन्हा आहे. आणि तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणा. खंड्या आणि पाणकावळे त्यात पाय अडकून मरतात, काठावर एक असा बघितला की नातू पुढच्या वेळी स्वतःच गोळा करेल.

प्रश्न: लाइफ जॅकेट घातलं की मुलांना पाण्यात सोडायला हरकत नाही ना? आणि कोणी बुडायला लागलं तर आमच्यापैकी कोणालाच पोहता येत नाही, काय करायचं? एक बाबा, हडपसर

जॅकेट मापाचं असेल तर. मुलाला घालून सगळी बक्कलं लावा आणि दोन्ही खांद्यांना धरून वर उचला. जॅकेट कानापर्यंत वर सरकलं तर ते त्याचं नाही, पाण्यात ते वर जाईल आणि मूल खाली. आणि घालूनही तुम्ही हात लांब केला की पोचेल एवढ्याच अंतरावर. हवेच्या ट्यूब, फुगवायचे बदक वगैरे तलावात नकोत, वारा त्यांना बघता बघता आत नेतो आणि मूल घाबरून उतरतं.

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा वाचवा वाचवा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, हात बाजूला पाण्यावर दाबतोय, आवाज नाही. काठावरून बघणाऱ्याला वाटतं खेळतोय. खेळणारं मूल अचानक गप्प झालं की तिकडे बघा.

पोहता येत नसेल तर पाण्यात उडी घ्यायची नाही, येत असेल तरी घ्यायची नाही. बुडणारा गळ्याला मिठी मारतो आणि दोघं जातात, आपल्याकडे एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला तिसरा अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात. पोटावर पालथं पडून काठी पुढे करा, ओढणी किंवा साडीला गाठी मारून फेका, पाण्याचा पाच लिटरचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून दोरीला बांधून फेका. तंबूजवळ असा एक कॅन आणि वीस मीटर दोरी आधीपासून ठेवलीत तर ऐन वेळी शोधाशोध नाही.

बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, गोल फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं हे सगळं बंद. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी उलटून श्वासनळीत जातं. श्वास घेत नसेल तर उताणं झोपवा, मान मागे, नाक दाबून आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मधोमध जोरात आणि भराभर ३० वेळा दाबा, परत २ श्वास, मदत येईपर्यंत थांबायचं नाही. दुसऱ्याने ११२ किंवा १०८ लावायचा. धरणाच्या काठी रेंज सगळीकडे नसते, पोचल्या पोचल्या कुठल्या टेकाडावर रेंज येते ते बघून ठेवा. आणि शुद्धीवर येऊन बोलायला लागला तरी दवाखान्यात न्यायचंच, फुप्फुसात पाणी गेलं असेल तर त्रास नंतर सुरू होतो.

वाचून होत नाही हे, एखाद्या रविवारी सीपीआरचं, म्हणजे या छाती दाबण्याचं आणि श्वास देण्याचं शिकवणी सत्र करा, सोसायटीत बोलवा कोणाला तरी, गणपतीत आर्केस्ट्रा बोलवतो तसं.

प्रश्न: जुलैमध्ये भर पावसात तळ्याकाठी तंबू लावायची मजा काही औरच असेल ना? आणि काजवे तेव्हाच दिसतात का? दोघी मैत्रिणी, औंध

नाही. जुलैत सह्याद्रीत एका रात्रीत धो धो पडतो आणि धरणाची पातळी रात्रीतून कित्येक फूट चढते, ओढे तर तासाभरात फुगतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले ५ जण वाहून गेले, ते काही पोहायला उतरले नव्हते, पाण्यात उभे होते आणि वरून लोंढा आला. पावसाळ्यात जिल्हाधिकारी अशा ठिकाणी बंदीचे आदेश काढतात, जायच्या आधी बघा. आणि धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात तर तंबू कुठल्याच महिन्यात नको, विसर्ग सोडला की भोंगा वाजतो पण तो झोपेत ऐकू येईल असं नाही.

काजवे मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस धरायच्या आधी. भंडारदऱ्याला जा, १९२६ चं विल्सन धरण आहे, त्याच्या पाण्याच्या, म्हणजे आर्थर लेकच्या कडेची झाडं त्या दिवसांत लुकलुकतात. त्यांचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला हाक असते, टॉर्च आणि फ्लॅश मारलात की सगळा कारभार विस्कटतो. गाडीचे दिवे सुद्धा बंद. वळवाचे दिवस असतात, विजा कडाडायला लागल्या की तंबूत बसू नका आणि झाडाखाली तर नाहीच, गाडीत बसा काचा लावून.

प्रश्न: मला सापांची प्रचंड भीती वाटते, घरचे म्हणतात काही होत नाही. खरं कोण? वारजे

थोडं तुमचं, थोडं त्यांचं. साप आपणहून तंबूत येत नाही, उंदीर येतो आणि त्याच्यामागे तो येतो, म्हणून खरकटं, फरसाण, बाकरवडीचा पुडा तंबूत ठेवायचा नाही. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, अनेकदा चावल्याचं कळतही नाही, दाताची खूण दिसत नाही. त्यामुळे उघड्यावर सतरंजी टाकून तारे बघत झोपणं हे कितीही छान वाटलं तरी नको, चेन बंद होणाऱ्या तंबूत झोपा, चेन टोकापर्यंत लावा. बूट आत घ्या, सकाळी झटकून घाला, विंचवासाठी पण तेच. रात्री बाहेर पडताना टॉर्च आणि पायात बूट, चपला नाहीत. दगडाखाली, सरपणाच्या ढिगात हात घालायचा नाही, फुरसं तिथेच असतं.

चावलाच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं, मांत्रिक काही नाही. हात किंवा पाय हलू न देता थेट सरकारी ग्रामीण रुग्णालय, प्रतिसर्पविष तिथे मिळतं. साप पकडून बरोबर न्यायची गरज नाही.

प्रश्न: शेजारच्या तंबूवाल्यांनी रात्री दोनपर्यंत स्पीकर लावला. पैसे आम्ही पण भरले होते. काय करता आलं असतं? एक त्रस्त जोडपं, सिंहगड रोड

रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर लावायला बंदी आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे ते, आणि तंबूच्या ग्राउंडलाही तेच लागू. आधी कॅम्पवाल्याला सांगायचं, ऐकलं नाही तर ११२. तुम्ही म्हणाल सुट्टीत कुठे पोलिसांच्या मागे लागायचं, मग पुढच्या वेळी शनिवार सोडून मंगळवारी जा. दर कमी, आवाज शून्य, आणि पाण्यावरून वटवट्या पक्ष्याचा आवाज सुद्धा ऐकू येतो. बुकिंगच्या वेळी स्पीकर किती वाजता बंद करता असं सरळ विचारा, समोरचा हसला तर दुसरीकडे बघा.

प्रश्न: आमचा लॅब्राडोर बरोबर नेऊ का? त्याला पाणी फार आवडतं. बाणेर

कॅम्पवाल्याला आधी विचारून न्या. रेबीजचं इंजेक्शन आणि गोचिडाचं औषध झालेलं असू दे, काठच्या गवतात गोचीड भरपूर असतात, परत आल्यावर कानामागे आणि बोटांच्या मधे बघा. गावच्या कुत्र्यांशी आणि चरायला आलेल्या शेळ्यांशी ओळख करून द्यायची नाही, पट्टा लावूनच फिरवा. पोहू दे पण काठाला, लांब दोरी बांधून, आणि गळ टाकणाऱ्यांच्या जवळ अजिबात नको, कणकेची गोळी बघून तो गळासकट गिळेल. तंबूची जाळी त्याच्या नखाने फाटते, म्हणून त्याला गाडीजवळ किंवा तंबूच्या बाहेरच्या छपराखाली झोपवा. शाम्पू घरी आल्यावर.